साडेपाच महिने

सव्हाना, जॉर्जिया
३ ऑक्टोबर २०१०

ती. आतेस,
साष्टांग नमस्कार.

दर रविवारी फोनवर बोलतो तरी हे पत्र लिहितोय, कारण फोन करताना पपा शेजारी असतात. जूनमध्ये झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली आहे, पण कान चांगले आहेत. माझं मराठी तू शिकवलंस तिथेच थांबलंय. चुका दिसल्या तर तांबड्या पेनाने दुरुस्त करून परत पाठवू नकोस म्हणजे झालं.

गेल्या महिन्यात पपांना इस्पितळात नेताना गाडीचा मागचा दिवा फुटलेला होता म्हणून पोलिसाने थांबवलं. माझ्याकडे लायसन्स नाही. आमच्यासारख्यांना ते मिळतच नाही. नऊ वर्षांपूर्वी पपांच्या दोस्तीखातर सगुणकाका आणि काकीने मला भेटीच्या व्हिसावर इथे आणून पपांच्या हवाली केलं, तो व्हिसा सहा महिन्यांचा होता. पपा तर त्याच्या सात वर्षं आधी जहाजावरून उतरून इथेच राहिलेले. पोलिसाने मला इमिग्रेशनवाल्यांच्या ताब्यात दिलं. पपांच्या कागदांबद्दल कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. दोन दिवसांनी सोडलं आणि ९ फेब्रुवारीची तारीख दिली. मी इथे राहायचं की नाही ते त्या दिवशी न्यायाधीश ठरवतील.

आता मुख्य गोष्ट. ज्यांना लहानपणी घरच्यांनी इथे आणलं, ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं, अशांना राहायचा हक्क द्यावा म्हणून इथे एक कायदा मांडला आहे. तो पहिल्यांदा मांडला २००१ च्या ऑगस्टमध्ये, मी उतरलो त्याच महिन्यात. तेव्हापासून पुन्हा पुन्हा मांडतात आणि तो राहून जातो. या डिसेंबरात मतदान होईल असं म्हणतात. माझ्या वकीलबाई म्हणतात, कायदा होण्याआधीसुद्धा जे त्यात बसतात त्यांची केस सरकार कधीकधी बाजूला ठेवतं. मी शाळा इथे पुरी केली, दोन वर्षांचं कॉलेज केलं, अंगावर गुन्हा नाही. सगळं बसतं, एक सोडून. इथे येताना वय सोळाच्या आत हवं. पासपोर्टवर माझी जन्मतारीख १ जून १९८५ आहे आणि मी उतरलो ९ ऑगस्टला. म्हणजे सोळा वर्षं दोन महिने.

हे मी सगुणकाकांना फोनवर सांगत होतो, तर पपा डाव्या हाताने खाट वाजवायला लागले. "जून न्हय. भाऊबीज. तूं भाऊबीजेचो." तीनदा म्हणाले. मी शोधून काढलं. १९८५ ची भाऊबीज १४ नोव्हेंबरला होती. ते खरं असेल तर मी पंधरा वर्षं नऊ महिन्यांचा होतो. साडेपाच महिन्यांचा प्रश्न आहे, आते.

पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून काढला होता आणि शाळा तुझीच. १ जून कोणी लिहिली? माझा जन्म आजोळी, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, झाला असं तू सांगायचीस, म्हणजे गोव्यात नोंद नसणार. आजोळच्या पंचायतीत असेल का? वकीलबाईंना दोन कागद हवेत. जन्माचा दाखला, आणि शाळेत ती तारीख कशी लागली त्याचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. मूळ प्रती हव्यात, फॅक्स चालत नाही.

तुझा,
निलू


कोरगाव, पेडणे
२४ ऑक्टोबर २०१०

चि. निलेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र १८ तारखेला मिळालं. अक्षर सुधारलं नाही, पण चुका कमी आहेत.

सदाशिवला खायला काय देतोस? त्याला लहानपणापासून आजारात पेजच लागते, बरोबर भाजलेला खारा बांगडा. बांगडा तिथे मिळत नसेल, पण पेज दे. पाठीला तेल लावून कूस बदलत जा. एका बाजूला पडून राहिलं की कातडी सुटते. आमची आई तशीच गेली.

तारखेचं म्हणशील तर त्या काळी निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जूनच असायची. आईबापांना विचारलं की सांगायचे, शिगम्यात झाला, लावणीच्या वेळी झाला. मग शाळा १ जून लिहायची. तुझीही तशीच लागली असेल. जुनं रजिस्टर आता कुठे आहे ते बघावं लागेल, मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली.

तुझ्या आजोळी रुक्मिणी गेल्यापासून माझं जाणं नाही. तुझे मामा घर बंद करून पुण्याला गेले. पण पंचायत जागेवर असेल. बांद्यापर्यंत बस आहे, पुढे तासभर चालायचं. दिवाळी झाली की जाऊन येते.

भाऊबीजेला मी दर वर्षी चंद्राला ओवाळते. भाऊ जवळ नसला की तसं करतात. शेजारच्या देवकीला तू विसरला नसशील. ती म्हणते, "मास्तरणीबाय, चंद्राक ओवाळतंय खरा, पण तो ताटात कितें घालता?" तिला बोलायला काहीतरी लागतंच.

फार काळजी करू नकोस. पाठवलंच त्यांनी तर घर आहे. दोघांनाही जागा आहे.

तुझी,
आत्या


सव्हाना
१४ नोव्हेंबर २०१०

ती. आतेस,
साष्टांग नमस्कार.

आज माझा वाढदिवस, म्हणजे पपा म्हणतात ते खरं असेल तर. सकाळी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "व्हडलो जालो रे." पंचवीस वर्षांचा झालो, पपांना आज कळलं.

पेज देतो. तेलही लावतो.

'दोघांनाही जागा आहे' असं तू लिहिलंस म्हणून एक गोष्ट नीट सांगतो. पपा येऊ शकत नाहीत. त्यांच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत. विमानात बसवलं तर ते उतरणार नाहीत, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. मला पाठवलं तर मी एकटा येणार आणि ते इथे धर्मादाय शुश्रूषागृहात राहणार.

त्यातली खरी अडचण तुला फोनवर सांगता येत नव्हती. झटक्यात त्यांचं इंग्रजी गेलं. जहाजावरचं हिंदीही गेलं. उरलंय ते फक्त कोरगावचं बोलणं. मी दुकानात कामाला जातो तेव्हा दुपारी एक बाई येऊन बसते, स्वभावाने चांगली आहे. परवा पपा 'उदक, उदक' करत होते. वारा येत असेल म्हणून तिने जनेल बंद केलं, मग टीव्ही लावला, मग अंगावर पांघरूण घातलं. मी आलो तेव्हा त्यांचे ओठ सुकून फुटले होते. सगुणकाका न्यूजर्सीला, गाडीने बारा-तेरा तासांवर. या गावात गुजराती मोटेलवाले आहेत, मराठी किंवा कोंकणी बोलणारा एकही नाही. पपा काय म्हणतात ते कळणारा इथे मी एकटा आहे.

मला इथे राहायची फार हौस आहे असं समजू नकोस. ते आहेत तोवर मला राहायचं आहे.

दिवाळी झाली. आजोळी गेली होतीस का?

तुझा,
निलू


कोरगाव
५ डिसेंबर २०१०

चि. निलेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आजोळी गेले होते. ग्रामसेवक रजेवर आहे, कचेरीला कुलूप होतं. पुन्हा जाऊन बघते. अशा कामांना वेळ लागतो.

पुढची खोली मी चुना काढून घेतली. मेस्ताला सांगून एक खाट करून घेतली, फणसाच्या लाकडाची, एका बाजूला धरायला कठडा आहे. देवकी बघून गेली. "खाट कोणाक गो? या वयार लगीन जुळलां?" मी म्हटलं, पाहुणे येणार आहेत.

तू लिहिलेलं उदकाचं पुन्हा पुन्हा वाचते. डॉक्टर काही वेळा जास्तच सांगतात. आमच्या आईला दोन दिवस सांगितले होते, ती पाच महिने जगली.

सदाशिवला म्हणावं, घर बंद नाही, पोदेर सकाळी येतो, माझ्यापुरते दोन पाव घेते. विहिरीला पाणी भरपूर आहे.

तुझी,
आत्या


सव्हाना
१९ डिसेंबर २०१०

ती. आतेस,
नमस्कार.

काल मतदान झालं. साठ मतं हवी होती, पंचावन्न मिळाली. पाच कमी.

पपांच्या खाटेजवळ बसून मी टीव्हीवर बघत होतो. माझ्यासारखी पुष्कळ मुलं दाखवत होते. पदवी घेताना घालतात तसले काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून बसलेली, काही एकमेकांचे हात धरून. पपांनी विचारलं, "कोणाचा लगीन रे?" मी म्हटलं, आमचाच. ते हसले. निकाल सांगितला तेव्हा त्यातली एक मुलगी तोंडावर टोपी धरून खाली बसली. मी टीव्ही बंद केला आणि पेज गरम केली.

वकीलबाई म्हणतात, सगळं संपलेलं नाही. कायदा पडला तरी जे त्यात बसले असते त्यांच्या केसेस सरकारने काही ठिकाणी थांबवल्या आहेत. पण बसलो असतो हे दाखवावं लागेल, आणि आपलं सगळं त्या तारखेवर अडलंय. तो दाखला आता आधीपेक्षा जास्त हवा आहे. ग्रामसेवक इतके दिवस रजेवर कसा? तालुक्याला अर्ज करता येतो का बघ. नाहीतर देवकीच्या मुलाला बरोबर ने, तो बोलून काम करून घेईल.

तुला त्रास देतोय हे कळतं. दुसरं कोणी नाही.

निलू


कोरगाव
२७ जानेवारी २०११

चि. निलेश यास,
आशीर्वाद.

सोबत जन्माचा दाखला आणि माझं प्रतिज्ञापत्र, दोन्ही मूळ. रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. वेळेवर पोचो.

बाकी मागाहून लिहीन.

आत्या


सव्हाना
१६ फेब्रुवारी २०११

आते,

तुझं पाकीट परवा, १४ तारखेला मिळालं. सुनावणी ९ तारखेला झाली.

ॲटलांटाला चार तास बसने गेलो. काम अकरा मिनिटांत झालं. न्यायाधीशांनी विचारलं, पासपोर्टवरची तारीख चुकीची आहे याला पुरावा काय? वकीलबाई म्हणाल्या, भारतातून येतो आहे. ते म्हणाले, ऑक्टोबरपासून येतोच आहे. साठ दिवसांत स्वतःहून देश सोडून जायचं असा आदेश दिला.

दाखल्यावर नाव नाही. 'पुरुष', आई रुक्मिणी सदाशिव परब, १४ नोव्हेंबर १९८५. पपा खरं बोलत होते. दाखल्याच्या खाली शिक्का आहे आणि दाखला दिल्याची तारीख आहे. १६ नोव्हेंबर २०१०.

५ डिसेंबरला तू मला लिहिलंस की कचेरीला कुलूप होतं. तो कागद तेव्हा तुझ्या घरात होता. बहात्तर दिवस तुझ्या घरात होता.

दुसऱ्या कागदात तू लिहिलं आहेस की १ जून ही नोंद 'मी स्वतः, खरी तारीख माहीत असताना' केली. हे ऑक्टोबरात लिहिता आलं असतं.

वकीलबाई दोन्ही कागद बघून म्हणाल्या, फेरअर्ज करता येतो. पण केला की साठ दिवसांची मुदत जाते आणि मला कोठडीत ठेवतात. म्हणजे पपांजवळचे उरलेले दिवसही जातील. मी अर्ज करत नाही.

शुश्रूषागृहात जागा मिळाली आहे. तिथल्या नर्ससाठी मी चाळीस शब्दांची यादी करतो आहे. पपांचा शब्द इंग्रजी अक्षरांत आणि पुढे त्याचा अर्थ. उदक. पेज. दुखता. थंडी. कूस बदल. ती त्यांच्या उशाशी भिंतीला लावणार आहे.

तू असं का केलंस? मला शिव्या देता येत नाहीत, तू शिकवल्या नाहीस. फक्त एवढं विचारतो.

निलेश


कोरगाव
३ मार्च २०११

चि. निलेश यास,

आशीर्वाद लिहावा की नाही याचा विचार केला. आशीर्वाद आहेतच.

रुक्मिणी गेली तेव्हा तू वर्षाचा होतास. सदाशिव खनिजाच्या बार्जवर, डिचोलीहून मुरगाव आणि परत, महिन्यातून चार दिवस घरी. मी शाळेत गेले की तू माझ्या आईजवळ असायचास. १९९० च्या एप्रिलात आई गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुला ठेवायला घर होतं, माणूस नव्हतं. तू चार वर्षं सात महिन्यांचा. पहिलीला पाच पुरी लागत. घटकराज्य होऊन तीन वर्षं झाली होती, कोंकणी शाळा की मराठी शाळा यावरून गावात दोन तट पडले होते, आणि माझ्या पहिलीच्या पटावर आठ मुलं होती. नववं नाव आलं तर कोणी विचारणार नव्हतं. रजिस्टर माझ्याच टेबलावर होतं. तुझी खरी तारीख मला पाठ होती, कारण त्या भाऊबीजेला सदाशिव तुला बघायला गेला म्हणून माझ्याकडे आला नव्हता. मी १ जून लिहिली. तुला दिवसभर डोळ्यांसमोर बसवता यावं म्हणून लिहिली. सदाशिवलाही सांगितलं नाही.

दाखला ग्रामसेवकाने दहा मिनिटांत दिला. त्या माणसाबद्दल मी तुला खोटं लिहिलं. घरी आणून तो ट्रंकेत ठेवला. आधी लाज वाटली. एकतीस वर्षं मुलांना सांगितलं की लिहिलेलं खरं असावं, आणि आता नोटरीपुढे बसून मी खोटी नोंद केली असं लिहून द्यायचं. गावात कळेल, खात्यात कळेल. पण लाज पंधरा दिवसांत गेली. त्यानंतरही कागद पाठवला नाही, त्याला कारण लाज नाही.

मला वाटलं, तुला पाठवतील तर सदाशिवलाही बरोबर पाठवतील. आजारी माणसाला त्याच्या मुलापासून तोडून कोण ठेवील? शाळेतून एका मुलाला घरी पाठवताना आम्ही धाकट्या भावंडाला त्याच्याबरोबर सोडायचो, मला तेवढंच माहीत. तू स्पष्ट लिहिलं होतंस की तो येऊ शकत नाही. ते मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. सतरा वर्षांत मी त्याला बघितलेलं नाही. खाट त्याच्यासाठी होती. पाणी मागितलं तर त्याला इथे पाणी मिळालं असतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आणि तूही येशील हे होतं. ते लपवत नाही.

वीस जानेवारीला सगुणच्या बायकोचा फोन आला. ती म्हणाली, "वत्सलाबाय, निलूक धाडलो जाल्यार सदाशिव थंय एकलो मरतलो." केस तुझ्या एकट्याच्या नावाची आहे, सदाशिवला कोणी पाठवत नाही, हे तिने मला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी नोटरीकडे गेले. पोस्टात दोन दिवस हेलपाटे झाले, मग सव्वीस जानेवारीची सुट्टी, पाकीट सत्तावीसला गेलं. हे सांगून उपयोग नाही.

क्षमा मागत नाही, कारण ती द्यायला तुला जड जाईल. विचारलंस म्हणून लिहिलं.

वत्सला


कोरगाव
२१ एप्रिल २०११

चि. निलेश यास,

सगुणच्या वास्कोच्या भावाकडून कळलं की तू ८ तारखेला दाबोळीला उतरलास, त्याच्या माडीवर राहतोस आणि बंदरात एका एजंटकडे कामाला लागलास. पत्ता त्यानेच दिला.

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. यावं असं नाही.

सदाशिव कसा आहे तेवढं एका कार्डावर लिही. तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?

आत्या


वास्को
३१ मे २०११

आते,

पपा शनिवारी गेले. सगुणकाकांनी तुला फोन केला असेलच. काका विमानाने सव्हानाला पोचले आणि अग्नी त्यांनीच दिला.

तुझ्या एप्रिलच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज देतो. मी रोज संध्याकाळी साडेपाचला तिथे फोन लावायचो. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. नर्स फोन त्यांच्या कानाला धरायची. ते विचारायचे, "जेवलंय?" मी म्हणायचो, जेवलो. मग त्यांचा फक्त श्वास ऐकू यायचा. दहा मिनिटांनी ती फोन काढून घ्यायची. शेवटच्या आठवड्यात ते मला ओळखत नव्हते, पण 'जेवलंय' विचारायचे. शनिवारी तिने फोन त्यांच्या कानाला धरला नाही, स्वतःच बोलली.

पुढचं लिहायला अख्खी रात्र लागली.

ती म्हणाली, शेवटचे दोन दिवस ते सारखा एकच शब्द म्हणत होते. तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पाणी दिलं. कूस बदलली. जनेल उघडलं, मिटलं. पेज करायला तिने माझ्याकडून शिकून घेतलं होतं, ती केली. ते मान हलवत राहिले. तिला वाटलं, मी एखादा शब्द विसरलो. तिने तो मला म्हणून दाखवला, अगदी पपांसारखा. वच्छू.

मी विसरलो नव्हतो. सव्हानाच्या घरात ते दिवसातून दोनदा तरी तुझं नाव घ्यायचे. ज्या आठवड्यात तुझं पाकीट आलं त्याच आठवड्यात मी यादी करत होतो. तुझं नाव मनात आलं आणि मी लिहिलं नाही. समजून उमजून लिहिलं नाही. तुझा फोन नंबर त्यांच्या फाईलला लावलेला होता. नाव यादीत असतं तर तिने तुला फोन लावून त्यांच्या कानाला धरला असता. तसं ती म्हणाली. तिने मला बोल लावला नाही, सहज म्हणाली.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. आता तो पूर्वीसारखा धरता येत नाही.

दिवस मी इथे भटजींकडून करतोय. घरी येणार नाही.

निलेश


कोरगाव
४ जून २०११

चि. निलेश यास,
आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. मी सुतकात आहे. देवकी दोन वेळचं जेवण आणून देते आणि बोलूनही जाते. काल म्हणाली, "पोरगो वास्कोक, तूं हांगा. एकाच मनशाचे दोन घरांनी दीस करतात?"  ताटली ठेवून ती बराच वेळ बसून राहिली.

वच्छू म्हणणारा तो एकटाच होता. आई वत्सलाच म्हणायची. तो दोन वर्षांचा असताना त्याला माझं नाव म्हणता येत नव्हतं, तेव्हापासून.

तुझ्या यादीचं मनाला लावून घेऊ नकोस असं लिहिलं होतं, ते खोडलं. लावून घेऊ नये असं मी सांगून होणार नाही. एवढंच सांगते की माझ्या ट्रंकेतला कागद वेळेवर गेला असता तर तुला यादी करावीच लागली नसती. आधी माझं आहे, मग तुझं. हा क्रम तू बदलू नकोस.

तेरावा गुरुवारी आहे. शुक्रवारी, १० तारखेला, मी सकाळच्या बसने निघून पणजीला बस बदलून वास्कोला येते. दहापर्यंत स्टँडवर पोचेन. तिथे बाकावर बसते. साडेबाराच्या बसने परत फिरेन. तुझ्या माडीवर येणार नाही, एजंटकडे विचारणार नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मला एकदा तुला बघायचं आहे. पंधरा वर्षांचा गेलास, त्यानंतर मी फक्त फोटो बघितले.

आत्या


वास्को
११ जून २०११

ती. आतेस,

मी आलो होतो.

तू दहाच्या आधीच उतरलीस. कंडक्टरने हात देऊन उतरवलं. तू एवढी म्हातारी झालीस हे मला फोनवर कधी कळलं नव्हतं. मी तिकिटाच्या खिडकीजवळच्या खांबामागे उभा होतो. एजंटला सांगितलं होतं, अर्ध्या तासात येतो.

तू बाकावर बसलीस आणि शेजारी पिशवी ठेवलीस. गर्दी होती. एका माणसाने तुला विचारलं, इथे कोणी आहे का? तू मान हलवून होय म्हणालीस आणि तो उभा राहिला. मग एका मूल घेतलेल्या बाईने विचारलं. तिला तू तुझी जागा दिलीस आणि पिशवी तिथेच ठेवून स्वतः उभी राहिलीस. बाई जाईपर्यंत तशीच उभी होतीस.

समोर कुठला माणूस गेला की तू त्याच्याकडे बघत होतीस. माझ्या वयाचा असला की जरा जास्त वेळ. माझ्याकडेही एकदा बघितलंस. ओळखलं नाहीस. माझं वजन वाढलंय आणि दाढी आहे.

का पुढे आलो नाही ते नीट सांगता येत नाही. आलो असतो तर तुला धरून रडलो असतो आणि मग सगळं माफ झाल्यासारखं झालं असतं. तसं झालेलं नाही. तुझंही नाही, माझंही नाही. बस लागली तेव्हा तू पिशवी उचललीस आणि मी पाच-सहा पावलं चाललो. तू चढत होतीस. हाक मारली असती तर ऐकू आली असती.

पुन्हा एवढा प्रवास करून येऊ नकोस. तुझे गुडघे चांगले नाहीत, चढताना दिसलं. मी कधी येईन ते मला माहीत नाही. वाट बघू नकोस असं लिहायला बसलो होतो, ते लिहीत नाही.

निलेश